काकूचे जादा एकतीस किलो

आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांना आणि आळीतल्या बायकांना वाटायचं, हिला सगळं येतं. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, टीव्हीवर मुंग्या का आल्यात, सगळं माझ्याकडे यायचं. मी "बघते" म्हणायचे आणि मनातून घाबरायचे.

त्या वर्षी आईच्या बचत गटाला घोडेगावच्या महिला मेळाव्याचा निरोप आला. रस्सीखेच होती. एका संघात आठ जणी, आणि नियम असा, की आठ जणींचं सरासरी वजन पंचावन्न किलोच्या वर जाता कामा नये. निरोप ऐकल्यावर सगळ्यांनी एकदमच माझ्या मोठ्या काकूकडे पाहिलं.

काकू म्हणजे आईची थोरली जाऊ. अख्ख्या महाळुंगे पडवळमध्ये तिच्याएवढ्या दणकट अंगाची बाई मी तरी पाहिली नव्हती. ती झोक्यावर बसली की पोरं वर फांदीकडे बघायची. तीही त्यांच्याबरोबर हसायची. त्या दिवशी मात्र तिनं पदर खोचला. "दोराच्या शेवटाला मी हाय. आजवर हे अंग निस्तं वागवलं. एकदा तरी कामाला येऊ द्या."

रविवारी आमच्या खळ्यात कांद्याच्या गोण्या मोजायचा काटा मांडला. एकेक जण लाजत लाजत चढत होती.

"डोळे मिटा गं समद्या!"

"आमी मिटू, पण काट्याचं काय करतीस?"

काकू चढली तसा काटा करकरला. शहाऐंशी किलो. सगळ्यात हलकी बाई सत्तेचाळीसची. गटाच्या अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथं निकाल दिला. "लई जड ती आन् लई हलकी ती, दोघींचं मधलं काढायचं. ते साठाच्या पार वर जातंय. नाय बसत. तुमी टाळ्या वाजवायला या बाई."

काकू काट्यावरून उतरली आणि चपला शोधायला लागली. तिच्या चपला तिच्या समोरच होत्या.

"तसं नसतं," मी म्हणाले. इतक्या हळू, की फक्त आईला ऐकू गेलं.

"मोठ्यानं बोल की! यष्टीचा पास काय उगी काढून दिलाय?"

मग मी सांगितलं, की सरासरीत सगळ्यांनाच धरायचं असतं. आठही जणींची वजनं मिळवायची आणि आठानं भागायचं. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मीही शाळेपासून मिळवत आणि भागतच आले होते, पण हे असं का करायचं, हे मला कुणी विचारलं नव्हतं. आता आठ बायका कंबरेवर हात ठेवून विचारत होत्या.

मी खडूनं ओट्यावर एक आडवी रेघ मारली. रेघ म्हणजे पंचावन्न. रेघेच्या वर काकूचे जादा एकतीस आणि अध्यक्षबाईंचे जादा तीन. बाकीच्या सहा जणी रेघेच्या खाली. कुणी आठानं कमी, कुणी सहानं, कुणी नुसती एकानं. "ह्या खालच्यांची जी जागा रिकामी राहिलीय," मी म्हणाले, "ती वरच्यांना द्यायची."

आई ओट्याकडे बघत राहिली. "म्हंजी यष्टीतल्या सीटवानी. तिघींच्या सीटवर आमी दोघी वाळक्या सरकून बसतो, तवा जाऊबाई मावत्यात."

"हां! तेच! तेच गं आई!" मी चक्क उडी मारली. पुस्तकातली सरासरी इतकी वर्षं माझ्याकडे होती, पण ती अशी बसमधून उतरून अंगणात येईल असं वाटलं नव्हतं.

खालच्या सहा जणींची मिळून जागा निघाली सत्तावीस किलोंची. वरचा भार चौतीस. सात किलो अजून उभेच होते. आता ते कुणीही कमी केले तरी चालणार होतं, आणि हे कळल्यावर बायकांना जोरच चढला.

"मी पैंजण काढून ठिवते."

"मी लुगडं सोडून पातळ नेसते."

"मी सासूसंगं एक दिस भांडते, दोन किलो तरी उतरंल!"

तेवढ्यात एकोणपन्नास किलोची एक तरणी सून म्हणाली, "माझं बाळ अंगावर पितंय, मी कुठं दोर वढत बसू? माझ्या जागी ह्या पोरीलाच घ्या की."

मला ढकलूनच काट्यावर चढवलं. बेचाळीस. एकोणपन्नास गेले, बेचाळीस आले. बरोबर सात. मी आकडा सांगायच्या आधीच काकूनं मला काट्यावरून उचललं आणि गरगर फिरवलं.

मेळाव्याच्या दिवशी वजन होईपर्यंत कुणी काही खायचं नाही असं ठरलं, कारण कुणाच्याही पोटात गेलेला वडा काकूला बाहेर काढू शकत होता. घोडेगावच्या स्टँडवर वडे तळले जात होते आणि काकू एकेकीला तपासत होती. "तोंड उघड बघू. काय चघळतीयास?"

"सुपारी हाय वो!"

"थुक ती."

वजनं लिहून घ्यायला टेबलाशी बसलेल्या भाऊंनी काकूला बघून आधीच मान हलवायला सुरुवात केली होती. पण त्यांनी आठही वजनं लिहिली, बेरीज केली, भागाकार केला, आणि म्हणाले, "पावणेपंचावन्न. बसतंय."

"जरा मोठ्यानं सांगा की भाऊ," काकू म्हणाली.

त्यांनी मोठ्यानं सांगितलं.

काकूनं दोराचं टोक कंबरेला गुंडाळलं आणि टाचा मातीत रोवल्या. मी तिच्या पुढेच होते. शिट्टी झाली. मला ओढायचं कसं तेही माहीत नव्हतं, मी नुसतं डोळे मिटून मागे झुकले. एकदम समोरचा ताण सुटला आणि आम्ही सातही जणी धबाधबा काकूवर पडलो. जिंकलो होतो! खालून आवाज आला, "सरासरी काढा की गं! समद्यांचं वजन माझ्या एकटीवर कशाला?" मला हसण्यानं उठताच येईना.

दुसऱ्या खेपेला समोर डोंगराकडच्या बायका आल्या. त्यातली एकही पन्नासला पोचत नसेल. पण भातखाचरात रोवून रोवून तयार झालेले ते पाय! त्यांनी आम्हाला चाऱ्याच्या पेंढीसारखं ओढून नेलं. काकू तर बसल्या बसल्या रेघेपलीकडे गेली, तीही मोठमोठ्यानं हसत.

तिच्या तळहातांवर दोराचे लाल वळ उठले होते. आई हळद लावायला गेली तर काकूनं हात मागे घेतले. पुढे कितीतरी दिवस ती ते वळ दाखवत होती, विहिरीवर, गिरणीत, दूध घालायला गेल्यावर. कुणी विचारलं नाही तर आपणच तळहात पुढे करून म्हणायची, "मी संघात व्हते."