झेंड्यामागची माय

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी धाकट्या भावानं विचारलं, "ताई, मायचा फोटो आहे का वं कोठी?" बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला टाकायची होती. बाबा एकटे बरे दिसणार नाहीत, शेजारी माय पाहिजे, असं त्याचं म्हणणं. माय तापानं गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि तो अंगावर पीत होता. तिचा चेहरा मला आठवत नाही. कुणी विचारलं तर मी हे सरळ सांगते. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, मग त्याची समजूत मलाच काढावी लागते.

बाबा गेल्यावर मी रडले नाही. आलेल्यांना चहा दिला, शाळेत रजेचा अर्ज पाठवला आणि बाबांची पत्र्याची पेटी उघडली. घरात फोटो असलेच तर तिथेच असणार होते.

बाबा गोल्फच्या मैदानाचे राखणदार. वाशीमला गोल्फ म्हटलं की लोक हसतात. मी शिकवते त्या शाळेतले गुरुजी अजून हसतात. पण होतं. इंग्रज साहेबांनी गावाबाहेरच्या माळावर आखलेलं, नऊ खड्ड्यांचं मैदान. हिरवळ वगैरे काही नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये माणसांना पाणी मिळायची मारामार, तिथे गवताला कोण पाजणार? प्रत्येक खड्ड्याभोवती वाळूचं गोल अंगण असायचं. वाळू वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात गाडीचं जळकं तेल कालवत. त्यावरून ओलं पोतं ओढून ती सपाट करायची, म्हणजे साहेबांचा चेंडू सरळ जायचा. ते पोतं बाबा ओढायचे, आणि लग्न झाल्यावर मायही ओढायला लागली. इंग्रज साहेब कधीच गेले होते, आपले साहेब आले होते, पोतं तेच राहिलं होतं.

दर हिवाळ्यात साहेब लोकांची स्पर्धा व्हायची आणि ती संपली की फोटो. एक प्रत बाबांना मिळायची. बाबांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन. असे एकवीस फोटो निघाले. शिवाय एक बिनरेघेचा होता, बाबांच्याही आधीचा. त्यात टोपीवाले गोरे साहेब, मागे एक बाभूळ आणि त्यापलीकडे नुसता माळ, आभाळाला टेकेपर्यंत.

मी पेपर तपासावेत तसे ते फोटो तपासले. दुपारी अंगणात खाट टाकली, भिंग घेतलं आणि एका रेघेपासून सुरुवात केली. पहिल्या दोन फोटोंत माय नव्हती, बाबांचं लग्नच झालं नव्हतं. पण निंबाची पाच रोपं होती, काट्यांच्या कुंपणात. तिसऱ्यात निंब साहेबांच्या खांद्याला आले होते आणि पार मागे वाळूवर एक बाई वाकून पोतं ओढत होती. पदर दातात धरलेला. चेहऱ्याच्या जागी राखाडी ठिपका. चौथ्यात तीच बाई पाठमोरी. मी भिंग जवळ नेलं, लांब नेलं. पाठ ती पाठच.

पाचव्यात ती समोर होती. साहेबांच्या खुर्च्यांच्या मागे, सरळ उभी, कॅमेऱ्याकडे तोंड करून. कडेवर मी. माझा चेहरा स्पष्ट आहे, नाकातला शेंबूडसुद्धा. तिच्या पुढ्यात बाबा खड्ड्यात रोवायचा खुणेचा बांबू धरून उभे आहेत, आणि बांबूच्या टोकाचा झेंडा वाऱ्यानं नेमका तिच्या तोंडावर आला आहे. मला बाबांचा राग आला. मेलेल्या माणसाचा असा राग येतो हे मला माहीत नव्हतं. बांबू हातभर इकडे धरला असता तर काय बिघडलं असतं?

सहाव्यात ती नाही. बाबा आहेत, बांबू आहे. मागची वाळू नीट सपाट नाही. एका माणसाच्यानं तेवढी होत नसावी.

माय संपली तरी मी थांबले नाही. का ते सांगता येणार नाही. नवव्यात विजेचे खांब आले. अकरावा रंगीत आहे, आणि रंग आल्यावर कळलं की मैदान पहिल्यापासून तांबडंच होतं. चौदाव्यात दोन निंब तोडलेले, त्यांच्या जागी रस्ता. सोळाव्यात डाव्या अंगाला कुणाचं तरी सोयाबीन सरकत सरकत सातव्या खड्ड्यापर्यंत आलेलं. साहेबांच्या लाकडी खुर्च्या जाऊन प्लास्टिकच्या आल्या, मग त्याही कमी होत गेल्या. एकविसाव्यात तीनच साहेब आहेत. बाबांचे केस पांढरे, हातातल्या बांबूला झेंडाच नाही.

पुढचं फोटोत नाही, ते मी पाहिलेलं आहे. खड्डे मुरमानं बुजले. पोरं क्रिकेट खेळायला लागली. मंत्री येणार म्हणून मधोमध हेलिपॅडचा गोल झाला. आता चालायला पट्टा आहे, पिवळी-निळी व्यायामाची यंत्रं आहेत. बाबा सकाळी तिथेच फिरायला जायचे, पण पट्ट्यावरून कधी चालले नाहीत. बुजलेल्या पहिल्या खड्ड्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असे आडवेतिडवे जायचे. म्हातारा भ्रमिष्ट झाला असं लोक म्हणायचे. मीही एकदा त्यांना ओरडले होते.

त्या दुपारी मैदान मला पाठ झालं. ज्याच्यासाठी बसले होते, तो चेहरा तेवढा मिळाला नाही.

भाऊ पाचवा फोटो घेऊन स्टुडिओत गेला. स्टुडिओवाले दादा म्हणाले, "झेंडा काढून देतो. पण खाली चेहरा तर नाही ना. या बाईसारखं दिसनारं कोणी असन तर त्याच्यावरून बनवता येते, आता कम्प्युटर सारं करते." मायसारखी मी आहे, असं सगळे म्हणतात. भावानं माझ्या शाळेच्या ओळखपत्राचा फोटो दिला. मी हरकत घेतली नाही. तोंड उघडायचाही मला कंटाळा आला होता.

तरी एक काम मी केलं. अनसिंगला मावशीला फोन लावला. ही मायची सख्खी बहीण. आजी-आजोबा गेले, बाबा गेले. मायला नीट पाहिलेलं आता हे एकच माणूस उरलं होतं. तिला म्हटलं, माय दिसायला कशी होती ते सांग.

मावशी थांबून थांबून बोलली. "नाक बसकं होतं तिचं, तुह्यासारखं नाई. समोरच्या दातात फट. आन् डाव्या भुवईवर इळा लागला होता लहानपनी, थे भुवई मधातून तुटेल होती. हासली का थे वर जाये." हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मी ते कागदावर लिहून भावाजवळ दिलं.

फोटो तयार होऊन आला. जरीच्या काठाचं लुगडं, तेही कम्प्युटरनंच नेसवलेलं, पिन लावलेला पदर. नाक माझंच. तोंड मिटलेलं, त्यामुळे दाताचा प्रश्नच नव्हता. दोन्ही भुवया अखंड. कागदाचं विचारलं तर भाऊ म्हणाला, "दिला होता. थो म्हने, फोटोत व्रण खराब दिसते." आणि फोटोकडे बघत उभ्या उभ्या रडायला लागला. त्याला चाळीस वर्षांनी आई मिळाली होती. त्याच्या हातातून ती कशी काढून घेणार? मी चौकटीची काच पुसली.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन्ही फोटो शेजारी ठेवले, हार घातले, मेणबत्त्या लावल्या. वंदना झाली. लोक पुढे येऊन फुलं वाहत होते आणि माझ्याकडे बघून म्हणत होते, माय-लेकी हुबेहूब. त्यातल्या कुणीच तिला पाहिलेलं नव्हतं. मी वाट बघत होते मावशीची. ती बोलेल, हे काय करून ठेवलं म्हणून चारचौघांत झापेल, मग आपण फोटो उतरवू, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. एवढी एकच गोष्ट मला त्या पंधरा दिवसांत हवीशी वाटली.

मावशी उशिरा आली. फोटोसमोर मांडी घालून बसली, चष्मा पुसून पुन्हा लावला. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "अशीच होती वं."

मी तिच्याजवळ बसले. "मावशे, भुवईवर व्रण होता ना? इळ्याचा? तूच सांगतलं होतं फोनवर."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती फोटोकडेच पाहत होती. आधी एक भुवई पाहिली, मग दुसरी.

"नाई वं," ती म्हणाली. "कोठी आहे? मीच इसरली असन. इतले वर्स झाले."

मी पुन्हा विचारलं, या वेळी डोळे मिटून सांग म्हटलं. तिनं डोळे मिटले आणि जरीचा काठ सांगितला.