शशीचा डावा हात

बातमी आली तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर भूगोल शिकवत होते. शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "बाई, खाली तुमच्याकडचे कोणी आलेत." खाली आमचे शेजारी नेनेकाका उभे होते. भर दुपारी डोंबिवलीहून कल्याणला नेनेकाका येतात म्हणजे काहीतरी झालंय हे मला जिन्यातच कळलं आणि मला वाटलं, अण्णा गेले. आमच्या वडिलांचा दमा जुना, वय झालेलं. माझी मनाची तयारी कधीपासून चाललेली. मी विचारलं, "अण्णा?" काका म्हणाले, "अण्णा घरी आहेत. बसून आहेत. शशीला ठाण्याला कारखान्यात शॉक लागला." मी विचारलं, "कुठल्या इस्पितळात ठेवलाय?" त्यावर काकांनी टोपी काढून हातात धरली… शशी, माझा धाकटा भाऊ, पंचविशीही गाठली नव्हती त्यानं. खडूनं पांढरे झालेले हात तसेच घेऊन मी घरी आले.

या पुरवणीच्या संपादकांनी "भावाविषयी चार शब्द लिहा" असं कळवलं तेव्हा आधी मी नाहीच म्हणणार होते. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायची जी रीत आहे ती मला जमत नाही. शशी हट्टी होता, उधळ्या होता, शब्दाला शब्द द्यायचा. माझं नवं फाउंटन पेन त्यानं उघडून पाहिलं आणि ते पुन्हा कधी चाललं नाही. पण घरी भेटायला आलेला जो तो म्हणतो, "नशीब, दुसरं काय." नशीब म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून लिहिते आहे.

आई गेली तेव्हा शशी रांगत होता. त्याला मी वाढवला असं लोक म्हणतात, खरं म्हणजे आम्ही दोघं अण्णांच्या हाताखाली बरोबरच वाढलो. अण्णा कल्याणच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. फळ्यावर एका झटक्यात हातानं वर्तुळ काढायचे आणि ते कंपासनं तपासून घ्यावं इतकं गोल यायचं. त्यांच्या पोटी हा डावरा मुलगा आला. पाटीवर पहिली रेघ ओढायला त्यानं डावा हात पुढे केला आणि घरात जणू अशुभ घडलं. डाव्या हातानं कोणी श्रीकार काढतं का, डाव्या हातानं कोणी प्रसाद घेतं का, असं सगळी गल्ली म्हणे, अण्णा एकटेच नव्हेत. मग रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसताना अण्णा त्याचा डावा हात रुमालानं कमरेच्या करगोट्याला बांधायचे. मारलं नाही कधी. गाठ सैल आहे ना, हेही बघायचे. शशी रडून रडून लाल व्हायचा आणि उजव्या हातानं वेडीवाकडी अक्षरं काढायचा. वर्षभरानं रुमाल सुटला, कारण त्याची गरज उरली नाही. अण्णांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

पण रुमाल सुटला म्हणजे डाव्या हाताची खोड मोडली असं नव्हे. चेंडू अडवायचा, पडतं भांडं झेलायचं, अंगावर येणारं मांजर हाकलायचं, असं विचार करायला सवड नसलेलं काहीही आलं की शशीचा डावा पुढे यायचा. लिहायला, जेवायला, नमस्काराला उजवा. मी त्याला चिडवायची, "तुझ्यात दोन माणसं राहतात रे, एक अण्णांचा आणि एक तुझा." तो म्हणायचा, "माझा भाडं देत नाही, म्हणून त्याला मागच्या खोलीत ठेवलाय."

विजेचं वेड त्याला कुठून लागलं हे सांगायला फार लांब जायला नको. आमच्या घरामागच्या माळावर उभं राहिलं की ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसच्या चिमण्या दिसत. धूर आमच्या वाळवणावर आणि वीज मात्र रेल्वेला. आम्ही आपले कंदिलाच्या काचा पुसतोय. शशीला हा अन्याय सहनच व्हायचा नाही. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी तो मॅट्रिक झाला आणि त्यानं जाहीर केलं की तो इलेक्ट्रिकल इंजिनीअर होणार. अण्णांना तो डॉक्टर व्हायला हवा होता. इंटर सायन्सला गणिताचा गट घ्यायचा की जीवशास्त्राचा यावरून दोन दिवस घरात अबोला होता. एकदा जीवशास्त्र घेतलं की इंजिनीअरिंगचं दार बंद, हे शशीला पक्कं ठाऊक होतं. त्यानं गणित घेतलं आणि मगच घरी सांगितलं.

पुढे पुढे गल्लीतले लोक आपल्या मुलांसाठी त्याचा सल्ला घ्यायला येऊ लागले. विजेच्या पदवीला काय काय लागतं, असं विचारलं की हा ओट्यावर बसून सुरू व्हायचा. इंटरला गणित, पदार्थविज्ञान आणि रसायन चांगलं हवं. नंतर कॉलेजात वीज शिकवतील या आशेवर जाऊ नका, पहिलं वर्ष सुतारकाम, लोहारकाम, कानशीनं लोखंड घासणं, जमिनीची मोजणी. "काका, मी वीज शिकायला गेलो आणि भात्यापुढे बसलोय," असं तो नेनेकाकांना सांगायचा. मग यंत्रं, मोटरी, तारा, प्रयोगशाळा. प्रत्येक विषयात वेगळं पास व्हायला हवं, एकात गटांगळी खाल्ली की बाकीचे शंभर उपयोगाचे नाहीत. लेखी वेगळं, तोंडी वेगळं, प्रात्यक्षिक वेगळं. आणि सगळं झालं की शेवटी कारखान्यात ट्रेनिंग. ते पुरं झाल्याचा दाखला आला की पदवी. हे सगळं तो मिटक्या मारत सांगायचा, ऐकणाऱ्याचा चेहरा उतरेपर्यंत.

त्या सगळ्यात एक विषय तो सांगताना भरभर उरकायचा. ड्रॉइंग. ड्रॉइंग मास्तरांचा मुलगा पहिल्या वर्षी ड्रॉइंगात नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा नापास. गणितात वर्गात पहिला, आणि त्या एका विषयापायी अख्खं वर्ष गेलं. अण्णांनी त्याला समोर बसवून शिकवलं, टी-स्क्वेअर कसा धरायचा, गुण्या कसा सरकवायचा. उजव्या हातानं शशी अक्षर गिरवू शकत होता, पण केसासारखी सारख्या जाडीची रेघ त्या हातातून येईना. कागदावर डाग, शाई पसरलेली. अण्णा म्हणाले, "तुझं लक्ष नाही." तो कागदावरचा डाग खरवडत राहिला. मी बोलले; काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

त्या सुट्टीत शशी ठाण्याला नौपाड्यात आमच्या मावशीकडे जाऊन राहिला. हवापालट, असं अण्णांना सांगितलं. तिथे त्यानं बोर्ड उलटा मांडला, टी-स्क्वेअर दुसऱ्या बाजूला लावला आणि डाव्या हातानं काढायला बसला. मावशी मला सांगत होती, "अगं, जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही त्याला. गालातल्या गालात हसत रेघा ओढत बसायचा." परीक्षेला तो तसाच बसला आणि उत्तम गुणांनी पास झाला. घरी येऊन त्यानं अण्णांना स्वतःच सांगितलं. अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "आणि पदवी कुठल्या हातानं घेणार?" शशी म्हणाला, "उजव्या. घ्यायला काय, चालेल की उजवा." अण्णा हसले नाहीत. त्यांनी ती ड्रॉइंग बघायलाही मागितली नाहीत.

पुढची वर्षं सरळ गेली. एक प्रसंग मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तो प्रयोगशाळेतल्या गमती सांगत पाटावर बसला होता आणि डावा हात त्यानं खिशात घातला होता. मी विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणाला, "चालू विजेजवळ काम करताना एक हात खिशात, असा आम्हाला दंडक आहे ताई. नाहीतर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हातातून बाहेर पडते." मी विचारलं, "कुठला हात खिशात?" "सगळ्यांचा डावा. काळीज त्या बाजूला." "आणि तुझा?" त्यानं आमटीचा भुरका मारला आणि म्हणाला, "माझं जरा बघावं लागतं."

तो बी. ई.च्या सगळ्या परीक्षा पास झाला. अण्णा देवापुढे साखर ठेवून आले. उरलं होतं ते ट्रेनिंग. ठाण्याच्या कारखान्यात जागा मिळाली, मावशीचं घर जवळ, सगळं कसं जुळून आलं होतं. ट्रेनिंगचा शेवट जवळ आला होता… त्या दिवशी काय झालं ते त्याच्याबरोबर काम करणारा एक जण दिवसांना आला होता त्यानं सांगितलं. शशी उघड्या बोर्डावर तपासणी करत होता, उजव्या हातात टेस्टर, डावा खिशात, अगदी नियमाप्रमाणे. वर अडकवलेलं लोखंडी झाकण निसटलं. ते खाली पडू नये म्हणून, उजवा हात बोर्डावर असतानाच, त्यानं ते झेललं. त्या माणसानं सांगताना स्वतःचा हात वर करून दाखवला आणि चटकन खाली घेतला. मी विचारलं, "डावा?" तो म्हणाला, "हो. डावा."

अण्णा शेजारीच बसले होते. तो माणूस गेल्यावर ते म्हणाले, "मी कच्चं काम केलं. पुरता मोडायला हवा होता तो हात." मी उठून आत गेले. माझ्या तोंडाशी आलं होतं की तुम्ही तो बांधला नसता, तर कामाचा हात आणि झेलायचा हात त्याचा एकच राहिला असता. दुसरा निवांत खिशात राहिला असता. तो कुठला हात वापरतोय हे त्याला विचार करून ठरवावं लागलं नसतं. त्या दिवसापासून हे वाक्य मी गिळते आहे. रोज पोळ्या लाटताना ते वर येतं, रोज मी ते गिळते.

अण्णांनी एकच गोष्ट मागितली. शशीची पदवी घरात यावी. म्हणून मी त्याची सगळी गुणपत्रकं घेऊन मुंबईला विद्यापीठाच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, उगाच खोटं कशाला बोलू. कागद चाळून तो म्हणाला, "बाई, लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक, सगळं पास आहे. पण ट्रेनिंग पूर्ण झाल्याचा दाखला नाही, आणि सोबत जोडायचा अहवालही नाही. त्याशिवाय पदवी देता येत नाही." मी म्हटलं, "तो ट्रेनिंगमध्येच गेला." तो खाली बघून म्हणाला, "हो, बाई… म्हणूनच ते पूर्ण झालं नाही." मी गुणपत्रकं गोळा केली. नियम चूक आहे असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आजही येत नाही. फक्त इतकं वाटतं की ज्यानं हा नियम लिहिला त्याच्या मनात सगळे जिवंत परत येणारेच असतील.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कुशीवर वळले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ते खिडकीशी शशीच्या ड्रॉइंगच्या बोर्डापुढे बसले होते. अहवालासाठी शशीनं मोटरचा छेद काढायला घेतला होता, तो कागद तसाच लावलेला होता. कापलेला भाग दाखवायला त्यात तिरप्या बारीक रेघा भरायच्या असतात. अर्ध्या भागात त्या भरून झाल्या होत्या. उजव्या हाताच्या रेघा ज्या बाजूला कलतात त्याच्या उलट्या बाजूला कललेल्या, एकसारख्या, नीटस. उरलेला अर्धा कोरा होता, आणि अण्णा तो भरत होते. पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात होती. उजव्या हातानंही तसा कल आला असता, कागद फिरवला की झालं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. रेघ मध्येच जाड व्हायची, मध्येच सुटायची. फळ्यावर एका झटक्यात वर्तुळ काढणारा माणूस, त्याला सरळ रेघ येत नव्हती.

मी दप्तर खाली ठेवलं. ते वाक्य तोंडापर्यंत आलेलंच होतं. अण्णांनी मान वर न करताच विचारलं, "त्याला कसं गं जमायचं?"

मी म्हटलं, "त्याचा तो हातच होता, अण्णा."

ते थांबले. मला वाटलं आता पेन्सिल ठेवतील. पण त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि पुढची रेघ ओढायला घेतली. कागद अजून बोर्डावरच आहे. रोज दुपारी ते दोन-चार रेघा ओढतात, हात दुखला की उशाशी घेऊन चोळत पडून राहतात. शशीच्या रेघा कुठे संपतात आणि त्यांच्या कुठे सुरू होतात हे दाराशी उभं राहिलं तरी कळतं.