बाहेर बसलेली दुसरी

व्हिडिओ गेम खेळून त्यातल्या चुका काढणं, हे तिचं पोटापाण्याचं काम. ऑफिसात सगळे तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे हेडबाई. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. कुठलाही खेळ बाजारात जाण्याआधी तिच्या टेबलावरून जायचा, आणि तिने नापास म्हटलं की बनवणारे तिच्याबरोबर चहालासुद्धा यायचे नाहीत. घरून काम करायची त्या दिवशी मात्र सासूबाई फोनवर बहिणीला सांगायच्या, "आहे ना घरातच. खेळत बसलीये."

त्यामुळे घरात बसून दमणं तिला परवडत नसे. दमलीच तर आतल्या खोलीचं दार लोटून टेकायची, मांडीवर धुतलेले कपडे घेऊन. कुणी आलंच तर निदान एखादी घडी घालता येते.

या खेपेला टेबलावर आलेला खेळ मारामारीचा होता. जपानी ॲनिमेतल्यासारखे मोठ्या डोळ्यांचे, रंगीबेरंगी केसांचे योद्धे, दोन्ही बाजूंना दोन-दोन. एक मैदानात लढतो, दुसरा बाहेर थांबतो. बटण दाबलं की जोडीदार आत उडी घेतो आणि दमलेला बाहेर जातो. एरवी अशा खेळात बोटांची नुसती कसरत असते, लांबलचक डाव पाठ करावे लागतात. इथे ते सगळं उडवून दिलं होतं. एक बटण ठोशाचं, एक मोठ्या डावाचं आणि तिसरं जोडीदार बदलायचं. ज्यांनी असला खेळ जन्मात हातात धरला नाही, त्यांच्यासाठीच तो बनवला होता.

आणि नेमके तेच लोक तो खाली ठेवत होते. चाचणीच्या खोलीत बोलावलेली माणसं, म्हणजे रिसेप्शनवरची बाई, कुणाची वहिनी, कुणाचे काका, दोन-तीन लढती खेळायची, "छान आहे हो" म्हणायची आणि घड्याळाकडे बघायची.

"पोरकट झालाय मॅडम," तिच्या हाताखालचा दाढीवाला म्हणाला. आणलेले काका त्याचेच होते. "एक बटण दाबलं की डाव तयार. त्यात मजा काय? बटणं वाढवा."

"कंटाळा येतो लोकांना," हाताखालचा दुसरा, उंच, म्हणाला. उंच बहुतेक वेळा दाढीवाल्याचंच म्हणणं दुसऱ्या शब्दांत म्हणायचा.

"कंटाळा जिंकणाऱ्याला येतो. ही माणसं हरतायत. इतक्या सोप्या खेळात का हरतायत, ते सांग."

दाढीवाल्याने दाढी खाजवली.

शुक्रवारी साहेबांनी बैठक ठेवली होती. खेळ असाच सोपा बाहेर जाणार, की परत पाठवून त्यात बटणं कोंबायची, हे तिच्या शब्दावर ठरणार होतं. परत गेला की तो बाकीच्या खेळांसारखाच एक होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. खेळ चांगला आहे, यात तिला तिळभर शंका नव्हती. कुठेतरी एक काटा रुतला होता, तो सापडायला हवा होता. नुसतं 'मला वाटतं' एवढं घेऊन बैठकीत जाणाऱ्यांतली ती नव्हती.

संध्याकाळी तिने हॉलमधल्या टीव्हीला खेळ जोडला. सासूबाई मटार सोलत होत्या. या बाईंनी तीस वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवलं, आणि त्या काळात सासऱ्यांनासुद्धा काउंटरवर बसू दिलं नाही. पावत्यांची उलथापालथ करतात, म्हणून.

"आई, हे जरा खेळून बघता?"

"मी? ते ढिशुम-ढिशुम?"

"ऑफिसचं काम आहे."

"मग निम्मा पगार माझा," असं म्हणत त्यांनी टॉवेलला हात पुसले.

तिने बटणं एकदा दाखवली आणि मग तोंड मिटलं. परीक्षक मध्ये बोलला की परीक्षा संपली.

सासूबाईंनी हिरव्या वेणीची एक मुलगी निवडली. "ही खमकी दिसते." जोडीला हातोडा घेतलेला एक आडदांड गडी मिळाला. वेणीवालीने सुरुवात झकास केली. मग एक लाथ बसली, मग दुसरी. तिची ताकद दाखवणारी रेष आखडत लाल झाली. सासूबाईंचा अंगठा तिसऱ्या बटणापर्यंत गेला आणि परत आला. वेणीवाली पडली. मग हातोडेवाला एकटाच आत आला, आणि समोरच्या दोघांनी आळीपाळीने त्याची कणीक तिंबली.

"बदलायचं बटण विसरलात का?"

"विसरायला काय झालं? हे काय, हे."

"मग दाबलं का नाही?"

"चांगली लढत होती की ती! तिला मधूनच कशाला उठवायचं?"

"दमली होती, आई. बाहेर बसली असती तर ताकद परत आली असती तिची."

"कुठे?" सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "कुठे दिसतंय? बाहेर गेली म्हणजे गेली. हा ठोंब्या इतका वेळ बाहेरच होता. काय दिवे लावले त्याने?"

ती उठून टीव्हीजवळ गेली. पडद्याच्या कोपऱ्यात शर्टाच्या बटणाएवढा एक मळकट चेहरा होता, त्याखाली केसाएवढी रेष. बाहेर बसलेल्याची ताकद तिथे भरत असे. इतकी वर्षं असले खेळ खेळल्यामुळे तिची नजर आपोआप तिथे जायची. दाढीवाल्याची जायची, उंचचीही. बाकी जगाच्या लेखी बाहेर गेलेला माणूस कामातून गेलेला होता. रिसेप्शनवरच्या बाईचा अंगठाही असाच जाऊन परत आला होता. काकांचाही.

"झालं माझं काम!"

"म्हणजे आता मी आणखी एकदा हरायला नको?"

शुक्रवारी दाढीवाल्याने वाढीव बटणांचं चित्रच काढून आणलं होतं. तिने ते पूर्ण बघितलं आणि शांतपणे उलटं ठेवलं.

"एकही बटण वाढवायचं नाही. बाहेर बसलेला दाखवा."

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"मैदानाच्या काठावर, मोठा. घाम पुसताना, पाणी पिताना. ताकद भरली की उठून उभा राहू दे. याला बाहेर पाठवलं ते फुकट गेलं नाही, असा भरवसा बसल्याशिवाय कुणी ते बटण दाबणार नाही."

"पण मॅडम, रेष आहे की तिथे," दाढीवाला म्हणाला.

"तुझ्यासाठी आहे. तुझ्या काकांसाठी नाही."

"आणि एवढं करूनही लोक तसेच हरले तर?" साहेब म्हणाले.

"तर खुशाल परत पाठवा. आणि पुढचा खेळ तपासायला याच्याकडे द्या." तिने ते इतक्या सहज म्हटलं, की दाढीवालाच दचकला.

बनवणाऱ्यांनी बदलाचा कच्चा नमुना करून दिला आणि तीच माणसं पुन्हा बोलावली. रिसेप्शनवरच्या बाईंनी सुरुवातीला नुसतं चाचपून बघावं तसं तिसरं बटण दाबलं. वेणीवाली काठावर जाऊन धपकन बसली, बाटलीतून घटाघट पाणी प्यायली. बाईंचा एक डोळा लढाईवर आणि एक तिच्यावर. थोड्या वेळाने वेणीवाली उठून पाय आपटू लागली.

"अगोबाई, उठली! ये गं, ये!" बाई ओरडल्या आणि त्यांनी बटण दाबलं. ती लढत त्यांनी जिंकली, आणि पुढची मागून घेतली. काकांचा चहा टेबलावर गार झाला.

"सोपाच बरा आहे," उंच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो दाढीवाल्याच्या आधी बोलला होता.

तिने निकालात लिहिलं : पास. सोपा आहे, सोपाच ठेवावा. साहेबांनी खाली सही केली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती आतल्या खोलीत गेली नाही. हॉलच्या मधोमध खुर्ची ओढली, पाय स्टुलावर ठेवले. मांडीवर काही घेतलं नाही.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. "काय गं, बरं नाहीये का?"

"बरंय की. ताकद भरतेय."

काउंटरवर आलेल्या कोटावरचा डाग पारखावा तसं सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पारखलं.

"किती भरली?"

"निम्मी."

"मग बस अजून." त्या आत वळल्या, आणि पुन्हा डोकावल्या. "जेवणानंतर तो खेळ लाव. पण त्या वेणीवालीला मी बाहेर काढणार नाही हं, आधीच सांगून ठेवते."