मुशीच्या जबड्याची टोपी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण... कारण काही नाही. स्वतःची किळस येते, एवढंच.

बोरिवलीच्या एका कला महाविद्यालयात मी शिकवतो. ब्रिटनमधला अतिवास्तववाद हा माझा विषय. गेल्या शतकातली ती मंडळी समुद्रावर जायची, वाहून आलेली लाकडं, हाडं, शिंपले उचलायची, आणि त्यातून स्वप्नात दिसावं तसं काहीतरी उभं करायची. वर्गात मी हे फार रंगून सांगतो. आणि स्वतः? माझी चित्रं म्हणजे त्यांच्याच चित्रांच्या नकला — रंग बदललेल्या. कुणी ओळखलं नाही. पण मला माहीत होतं ना.

हेमा माझी विद्यार्थिनी. मढची, कोळ्यांची. शेवटच्या वर्षी तिने आईसाठी टोपी केली. फाटकं जाळं, मुशीचा, म्हणजे छोट्या शार्कचा, जबडा, माशांचे मणके. "जन्मभर टोपली वाहिली तिने सर, एकदा मुकुट घालू दे ना," म्हणाली. मी बघत राहिलो. असलं काही मला जन्मात सुचलं नसतं. कौतुक वाटायला हवं होतं, नाही का? मी तिला जाळ्यातली एक सैल गाठ दाखवली.

त्या टोपीवर तिला लंडनला शिकायची शिष्यवृत्ती मिळणार होती. निवड करायला आम्ही तिघं. बाकी दोघांचं तिलाच द्यायचं ठरलेलं होतं. तेव्हा मी — कसं सांगू — कपाटातून एक पुस्तक काढलं. त्यात एका ब्रिटिश बाईने केलेली शिंपल्यांची टोपी होती. पान उघडून टेबलावर ठेवलं.

"हे पुस्तक मीच हेमाला वाचायला दिलं होतं," मी म्हणालो.

दिलं नव्हतं. ते पुस्तक तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. "म्हणजे नक्कल," दुसरे परीक्षक म्हणाले. मी मान हलवली. खेदाने हलवली — तेवढा अभिनय जमला मला.

ती बाहेर उभी होती. नक्कल म्हणून नाव गाळल्याचं तिला कळवलं होतं. "सर, मी कुणाची नक्कल केली? नाव तरी सांगा."

आणि मी काय म्हणालो? "मी खूप भांडलो गं तुझ्यासाठी. ऐकलं नाही त्यांनी."

ती वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

त्यानंतर तिने पुन्हा काही घडवलं नाही. टोपी तिने उसवली, असं कानावर आलं. आता मढच्या बंगल्यांत शूटिंगसाठी प्लास्टिकची फुलं लावते.

दरवर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा निघाल्या, की ती माझ्या घरी पापलेट पाठवते. 'सर एकटेच माझ्या बाजूने बोलले,' असं सगळ्यांना सांगते म्हणे. बायको तळते. मी काटे बाजूला काढून खातो. चवीने खातो. आणखी एक तुकडा मागून घेतो.