आधी औषध, मग व्हॉल्व्ह

मसोलीत आमच्या भागाला पाणी सोडायचं काम बाबांकडे होतं. टाकीत औषध टाकायचं, म्हणजे क्लोरीनची पावडर, ती मुरू द्यायची आणि मग लांब दांड्याच्या चावीने व्हॉल्व्ह फिरवायचा. मला पूर्व किनाऱ्यावर, खोल समुद्रातल्या गॅसच्या विहिरींवर नोकरी लागली तेव्हा त्यांनी डहाणू रोडच्या बाजारात जाहीर करून टाकलं, "पोरगी पण माझ्याच लायनीत. समुद्राच्या तळाला व्हॉल्व्ह सोडते." तेव्हापासून मी सुट्टीवर आले की शेजारच्या काकू त्यांच्या नळाला पाणी कमी येतं म्हणून मला ऐकवायच्या. मी चिडायचे. नाकावर राग असलेल्या माणसाला देवाने नोकरी दिली ती गारठ्याशी भांडायची.

तसे बाबा फारसे चुकत नव्हते. आमचा व्हॉल्व्ह समुद्राच्या तळाशी असायचा आणि तो किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममधून उघडायचा. विहिरीतून गॅस प्रचंड दाबाने येतो आणि व्हॉल्व्हच्या फटीतून कमी दाबाच्या पाइपात शिरताना एकदम गार पडतो. त्याच्यासोबत थोडं पाणी असतंच. मग दाब आणि गारठ्यात गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखा घट्ट गोळा होतो, त्याला हायड्रेट म्हणतात. तो पाइपात अडकला तर इतक्या खोल जाऊन काढणार कोण? म्हणून आधी पाइपात ग्लायकॉल सोडायचं, ते हा गोळा होऊ देत नाही. मी मनातल्या मनात त्यालाही औषधच म्हणायचे. बंद पडून गार झालेली विहीर पुन्हा कशी सुरू करायची, ती पद्धत मी लिहिली होती. ती मोडायची तर माझा होकार लागायचा.

२०१७च्या चैत्रात मी सुट्टीवर आले होते. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला बाबांच्या मोटारसायकलवरून गेलो आणि दर्शन घेऊन बाहेर पडतो तोच माझ्या साहेबांचा फोन आला. विहीर बंद पडून गार झाली होती, ग्लायकॉलचा पंप धड चालत नव्हता आणि वरून गॅससाठी तगादा लागला होता. व्हॉल्व्ह अगदी थोडासा उघडू, खालचा गरम गॅस वर आला की प्रश्नच मिटला, असं त्यांचं म्हणणं. मी फक्त हो म्हणायचं होतं. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. ती पक्की करायची की नाही हे त्याच महिन्यात ठरणार होतं, आणि ठरवणार होते हेच साहेब.

मी सांगितलं, थोडासा उघडला तरच सगळ्यात जास्त गार पडेल, कारण सगळा दाब त्या एवढ्याशा फटीत उतरणार. ते म्हणाले, सुट्टीवर बसून बोलायला काय जातं. माझं डोकं फिरलं.

"सर, ग्लायकॉल गेल्याशिवाय माझा होकार नाही." आवाज मी खाली येऊ दिला नाही.

बाबांचा चेहरा उतरला. "साहेबाला नाय बोललीस? अगं, हळूहळू सोडायचं. हळू सोडलं की पाइप फुटत नाय."

त्यांच्या पाण्याला ते बरोबर होतं. पण साहेबाला नाही म्हणता येतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्याकडच्या एका पुढाऱ्याचा फोन आला की औषध मुरायच्या आधीच त्यांना पाणी सोडावं लागायचं, आणि त्या दिवशी घरी ते कुणाशी बोलायचे नाहीत.

मी मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी बसले, हवा भरायच्या नळीचं टोपण काढून आतली पिन दाबली आणि बाबांचं बोट सुटणाऱ्या हवेसमोर धरलं. गार लागतंय, ते म्हणाले. म्हटलं, माझ्या व्हॉल्व्हवर याच्या कितीतरी पट दाब आहे, आता विचार करा. शास्त्र इतकं सोपं नाही, पण बाबांना पटलं. जरा जास्तच पटलं, कारण खात्री करायला ते स्वतः पिन दाबून बसले आणि चाक पार बसलं. पंक्चरवाल्यापर्यंत आम्ही गाडी ढकलत नेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. पंप दुरुस्त करून, ग्लायकॉल सोडून मगच त्यांनी व्हॉल्व्ह उघडला होता. उघडल्याबरोबर पुढच्या पाइपातलं तापमान शून्याच्या कितीतरी खाली गेलं, म्हणे. ग्लायकॉल नसतं तर पाइप तुंबलाच असता, हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं. नोकरीची काळजी नको, असंही म्हणाले. मला माझा अभिमान वाटला, आणि अभिमान झाकून ठेवायचा माझा स्वभाव नाही. आईला, बाबांना, पाण्यावरून ऐकवणाऱ्या काकूंनासुद्धा मी सगळं सांगितलं.

त्याच आठवड्यात बाबांचा चहा घेऊन टाकीवर गेले. त्यांनी नुकतीच पावडर टाकली होती आणि त्या पुढाऱ्याचा फोन चालू होता. कुणाच्या तरी लग्नघरी पाणी हवं होतं, लगेच. बाबा चावीला टेकून नुसते ऐकत होते.

"नाय सोडणार," बाबा म्हणाले. "आधी औषध, मग व्हॉल्व्ह. माझ्या पोरीने समुद्रातली विहीर थांबवली, तुमचं लग्नघर थोडं थांबेल."

फोन त्यांनी खिशात ठेवला. औषध मुरेपर्यंत आम्ही दोघं टाकीखाली चहा पीत बसलो. मग त्यांनी चावी माझ्या हातात दिली.