नॉर्वेचा बर्फ आणि आमचा दादा

नागपूरच्या विमानतळावर आईने माझ्या बॅगेची चेन पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि म्हणाली, "दादा आहे ना तिथे, मग मला घोर नाही." सोडायला आलेल्या तुम्ही सगळ्या काकू-मावश्यांनी माना डोलावल्या होत्या. म्हणून तुम्हालाच सांगते, दादा इथे कसा आहे ते.

दादा इंग्लंडमध्ये, रीडिंग नावाच्या गावी असतो. फायनान्समध्ये मोठा साहेब. त्याच्या लाउंजमध्ये भिंतभर एक चित्र आहे, एकोणिसाव्या शतकातल्या कुणा नॉर्वेजियन चित्रकाराने काढलेल्या हिवाळ्याची छापील प्रत. गोठलेलं तळं, काळी झाडं, बाकी बर्फच बर्फ. हीथ्रोवरून मी पोचले, तर चहाच्या आधी हे चित्र वाट्याला आलं. "तो लाइट बघ. तो सायलेन्स बघ!" सायलेन्सवर तो अर्धा तास बोलला. आईच्या गुडघ्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. घरात फोडणी बंद, कारण पडद्यांना वास लागतो. हीटिंगही जवळजवळ बंद. एवढ्या पगाराचा माणूस लाउंजमध्ये कोट घालून बसतो आणि त्याला गुड टेस्ट म्हणतो! माझा जॉब लंडनमध्ये, क्रॉयडनला होता. खोली मिळाल्याबरोबर मी पळाले.

पुढच्या वर्षी आई त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आली. चित्रासमोर उभी राहून म्हणाली, "माणूस नाही, कुत्रं नाही, कावळासुद्धा नाही. काहून लावलं रे हे?" दादा हसला. अडाण्याला हसतात तसा.

आईने बाबांचा फोटो आणला होता. तो तिने चित्राखालच्या फळीवर ठेवला. संध्याकाळी दादाच्या ऑफिसची मंडळी ड्रिंक्सला यायची होती. त्याने फोटो उचलून आत वॉशिंग मशीनवर नेऊन ठेवला. "आई, वॉल क्लटर होते गं." ज्या बाबांनी त्याला सायकलवर डबलसीट घेऊन भर उन्हात क्लासला पोचवलं, ते बाबा क्लटर, अडगळ!

आईने मला फोन केला. "मला घेऊन जातेस का?"

शनिवारी मी गेले. दादा दारात आडवा. "एका रूममध्ये कशी राहणार ती? किचन शेअर्ड आहे तुझं. बी प्रॅक्टिकल!"

"तू रहा तुझ्या बर्फात," मी म्हटलं. आई बॅग घेऊन बाहेर आली. बाबांना शालीत गुंडाळून ट्रेनभर मांडीवर घेऊन बसली.

आम्ही दोघी एका पलंगावर झोपायचो. पहिल्याच पिठल्याच्या फोडणीला स्मोक अलार्म कोकलला आणि घरातले सगळे भाडेकरू खाली धावत आले. आईने घाबरून सगळ्यांना वाढलं. वरच्या मजल्यावरची घानाची नर्स त्या दिवसापासून तिला 'आई'च म्हणायला लागली.

पंधरवड्याने दादाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"आई, घरी कधी येतेयस?"

"अरे, मी घरीच आहे," आई म्हणाली आणि कांदा चिरत राहिली.

मी इतके दिवस त्या जागेला 'रूम' म्हणायचे. आई केव्हाच नागपूरला परतली. पण ऑफिसातून निघताना कुणी विचारलं, तर मी आता सांगते, घरी चाललेय.