शिरिषाच्या ढोलीतली पिले

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर शिरिषाचे एक जुने झाड होते. हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या वाढल्या, रस्ता पुरेना, आणि एके दिवशी महापालिकेने बुंध्यावर नोटीस डकवली. झाड काढायचे आहे, हरकत असल्यास लेखी कळवा.

माझी हरकत होतीच. त्या झाडाच्या ढोलीत पहाडी पोपटांची जोडी दरवर्षी पिले काढायची. साधे पोपट नव्हेत, चांगले मोठे, खांद्यावर लाल पट्टा असलेले. त्यांना ऐसपैस ढोली लागते, आणि तेवढे जुने झाड आसपास दुसरे उरले नव्हते. मी अर्ज दिला. महापालिकेचे साहेब येऊन पाहून गेले. म्हणाले, "पिलं उडेपर्यंत हात लावणार नाही."

साहेबांच्या शब्दावर स्वस्थ बसेन तर मी पुणेकर कसली. मी पाटी लिहून झाडाला टांगली. 'ढोलीत पहाडी पोपटांची पिले आहेत. झाडास हात लावू नये. एकदाच सांगितले जाईल.'

हे म्हणाले, "अगं, जगाला पत्ता कशाला देतेस?"

"अहो, करवतवाल्यांना कळायला नको?"

नंतरचे पंधरा दिवस कुठेही करवत वाजली की मी गॅलरीत धावायचे. कुणाच्या तरी घरी फर्निचरचे काम चाललेले असायचे.

एका दुपारी शाळेत शिकवून परतले, तर झाडाखाली कोवळी हिरवी पिसे पडली होती. ढोलीचे तोंड कोयत्याने मोठे केले होते. जोडी किंचाळत झाडाभोवती फिरत होती.

वॉचमन म्हणाला, "दोघं आलं होतं बाई, शिडी घेऊन. म्हनले, महापालिकेचे हाय, पिलं हलवायची हायेत. तुमच्या पाटीवर बी पिलांचं लिवलंय, म्हून मला खरंच वाटलं."

त्याला काय झापणार, पाटी माझीच होती. पहाडी पोपटाची पिले चोरून विकणारे कमी नाहीत, हे मला ठाऊक होते. तरी मी शहाणीने त्यांना घर दाखवले होते. मला स्वतःची शिसारी आली.

आठवड्याने साहेब आले. माणूस वर चढवून त्यांनी ढोली तपासून घेतली आणि माझाच अर्ज माझ्यापुढे धरला.

"बाई, आपली हरकत पिलांपुरती आहे. आता पिलं नाहीत. तसं लिहून सही करा."

"जोडी पुढच्या वर्षी परत येईल ना."

"ते अर्जात नाही."

खरेच नव्हते. जोडी अजून ढोलीत डोकावून पाहत होती. मी सही केली.